विश्लेषण : मेंदूत सरकणारी अळी, यकृतात पसरणारी गाठ… पट्टकृमीच्या दुर्मीळ संसर्गांचे निदान इतके अवघड का?

डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या मेंदूत जिवंत अळी आहे, हे कळायला ब्रिटनमधील डॉक्टरांना चार वर्षे लागली. पट्टकृमीच्या अळ्यांचे असे संसर्ग मोजक्याच रुग्णांत आढळतात. पण ते क्षयरोग किंवा कर्करोगासारखे भासतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. त्यामुळे ‘जंत झाले’ एवढे निदान येथे पुरत नाही. कोणत्या जंताची अळी, हे ठरल्याशिवाय औषधही ठरत नाही.

ब्रिटनमधील प्रकरण काय होते?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, चिनी वंशाच्या ५० वर्षांच्या एका पुरुषाला २००८ मध्ये डोकेदुखी सुरू झाली. फिट येऊ लागल्या, वासाची जाणीव बदलली, जुन्या आठवणी अचानक डोळ्यांपुढे येऊ लागल्या. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात कड्यांसारख्या लहान गाठी दिसल्या. एचआयव्ही, क्षयरोग, सिफिलिस, लाइम अशा आजारांच्या चाचण्या झाल्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मेंदूतील ऊतीचा तुकडा काढून तपासला, तर केवळ दाह दिसला. पुढील चार वर्षांच्या स्कॅनमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गाठी जागा बदलत होत्या. उजवीकडून डावीकडे त्या सुमारे पाच सेंटिमीटर सरकल्या होत्या. २०१२ मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रूक्स रुग्णालयात पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीची फितीसारखी अळी बाहेर निघाली. वेलकम ट्रस्ट सँगर संस्थेतील संशोधकांनी तिचा डीएनए तपासला. ती स्पायरोमेट्रा या पट्टकृमीची अळी होती. हा संसर्ग ब्रिटनमध्ये प्रथमच आढळला होता. रुग्ण चीनला नियमित जात असे. त्या प्रवासातच संसर्ग झाला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. हे संशोधन २०१४ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पट्टकृमी आणि त्याची अळी यांत फरक काय?

पट्टकृमी म्हणजे आतड्याला चिकटून राहणारा, फितीसारखा चपटा जंत. त्याच्या आयुष्याचे दोन टप्पे दोन वेगळ्या प्राण्यांत पार पडतात. प्रौढ कृमी कुत्रा, कोल्हा, मांजर किंवा माणूस अशा एखाद्या प्राण्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती दुसऱ्या प्राण्याच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृत, फुप्फुस, स्नायू किंवा मेंदूत जाऊन बसते. या दुसऱ्या प्राण्याला मध्यस्थ यजमान म्हणतात. त्याचे मांस पहिल्या प्राण्याने खाल्ले, की चक्र पूर्ण होते.

दुर्मीळ संसर्गांत माणूस चुकून या मध्यस्थाच्या जागी येतो. अळीला तेथून पुढे मार्ग नसतो, पण म्हणून ती लगेच मरत नाही. स्पायरोमेट्राची अळी माणसाच्या शरीरात २० वर्षांपर्यंत जगू शकते. कृमी आतड्यात नसल्यामुळे शौचाच्या तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही. ‘शौचाचा अहवाल स्वच्छ, म्हणजे जंत नाहीत’ हा निष्कर्ष येथे चुकतो.

दुर्मीळ मानले जाणारे संसर्ग कोणते?

पहिला स्पार्गानोसिस, म्हणजे ब्रिटनमधील रुग्णाला झालेला. चीन, कोरिया, जपान, थायलंड या देशांत त्याचे बहुतेक रुग्ण आढळले आहेत. स्पायरोमेट्राची अळी प्रथम सायक्लॉप्स या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यात आणि मग बेडूक, साप यांच्यात वाढते. सायक्लॉप्सयुक्त पाणी प्यायल्याने, बेडूक किंवा साप कच्चा खाल्ल्याने, तसेच डोळ्यावर वा जखमेवर बेडकाच्या मांसाचा लेप लावण्याच्या जुन्या प्रथेतून ती माणसात शिरते. महाराष्ट्राला सायक्लॉप्स अपरिचित नाही. पायऱ्यांच्या विहिरींतून पसरणारा नारू याच जीवामार्फत माणसात येत असे.

दुसरा सीन्युरोसिस. याचा प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि अळी मेंढीच्या मेंदूत वाढते. अशी मेंढी तोल जाऊन एकाच दिशेने गोल गोल फिरते. माणसात हा संसर्ग क्वचित होतो. पण झाला, तर मेंदूत किंवा डोळ्यात पाण्याने भरलेली पिशवी तयार होते आणि तिच्या आत अळीची अनेक डोकी असतात.

तिसरा अल्व्हिओलर एकायनोकोकोसिस. तो कोल्हे आणि उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये फिरतो. माणसात अळी यकृतात रुजते आणि बारीक बुडबुड्यांच्या रूपाने आजूबाजूला पसरते. लक्षणे दिसायला ५ ते १५ वर्षे लागतात. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण निदानानंतर दहा वर्षांत दगावतात. जगात दरवर्षी सुमारे १८ हजार नवे रुग्ण होतात आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये असतात, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. अलीकडे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातही एकामागून एक रुग्ण सापडल्याने उत्तर अमेरिकेतील डॉक्टर सावध झाले आहेत.

कर्करोगासारखा भासणारा संसर्ग म्हणजे काय?

अल्व्हिओलर संसर्गाची गाठ सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या कर्करोगासारखी दिसते. ती तशीच शेजारच्या रक्तवाहिन्यांत आणि पित्तनलिकांत घुसते, फुप्फुसात किंवा मेंदूतही पोहोचते. त्यामुळे काही रुग्णांना आधी कर्करोग झाल्याचेच सांगितले जाते.

याहून चक्रावणारे उदाहरण कोलंबियातील आहे. २०१३ मध्ये मेडेयीन शहरातील ४१ वर्षांच्या एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या फुप्फुसांत आणि लसिका ग्रंथींत गाठी आढळल्या. पेशी कर्करोगासारख्या वाढत होत्या, परंतु त्या माणसाच्या पेशींपेक्षा खूपच लहान होत्या. नमुने अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राकडे, सीडीसीकडे गेले. अनेक चाचण्यांनंतर त्या पेशींत हायमेनोलेपिस नाना या बुटक्या पट्टकृमीचा डीएनए मिळाला. रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळल्याने कृमीच्याच पेशी अनिर्बंध वाढून गाठी बनल्या होत्या. हे कळल्यानंतर तीन दिवसांत रुग्णाचा मृत्यू झाला. हा अहवाल २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. हा कृमी जगात कोट्यवधी लोकांच्या आतड्यांत असतो. मात्र प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांत त्याचे असे रूप दिसत नाही.

निदान नेमके कुठे चुकते?

पहिली अडचण लक्षणांची. डोकेदुखी, फिट, पोटात उजवीकडे जडपणा, त्वचेखाली सरकणारी गाठ ही लक्षणे इतर अनेक आजारांतही असतात. दुसरी अडचण स्कॅनची. कड्यासारखी गाठ क्षयाची असू शकते, कर्करोगाची असू शकते किंवा अळीचीही. तिसरी रक्तचाचण्यांची. परजीवी संसर्गात वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी मेंदूतील संसर्गात अनेकदा सामान्य प्रमाणातच असतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांत एका पट्टकृमीची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही होकार देऊ शकतात. गाठ एकच असेल, तर चाचणी नकारात्मक येण्याची शक्यताही मोठी असते.

भारतानेही ही चूक अनुभवली आहे. फिट आल्यानंतर सीटी स्कॅनमध्ये एकच लहान गाठ दिसली, की एकेकाळी देशात ती क्षयाची मानून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा अनेकींमध्ये डुकरातील पट्टकृमीच्या अळीचे अवशेष आढळले. त्यातून निकष तयार झाले. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नसेल आणि कवटीतील दाब वाढल्याची चिन्हे नसतील, तर ती अळीची असण्याची शक्यता अधिक मानली जाते.

मग अचूक निदान कसे करतात?

सुरुवात प्रश्नांपासून होते. रुग्ण कुठे राहिला, कुठे प्रवास केला, मेंढ्या किंवा कुत्र्यांशी किती संबंध आला, कच्चे मांस खाल्ले का, विहिरीचे वा तळ्याचे पाणी प्यायला का, हे विचारावे लागते. ब्रिटनमधील रुग्णाबाबत दुवा प्रवासात होता. पण तेथील डॉक्टरांनी हा संसर्ग कधी पाहिलाच नव्हता.

दुसरी पायरी स्कॅनची, आणि तीही एकदाच नव्हे. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने केलेल्या स्कॅनमध्ये गाठ सरकलेली दिसली, मेंदूत तिच्या मागे बोगद्यासारखी वाट दिसली, तर स्पार्गानोसिसचा संशय बळावतो. पिशवीच्या आत अळीचे डोके ठिपक्यासारखे दिसले, तर डुकरातील पट्टकृमीच्या अळीचे निदान जवळपास निश्चित होते. अल्व्हिओलर संसर्गात गाठ अजून सक्रिय आहे का, हे पाहण्यासाठी पेट स्कॅनचा उपयोग होतो.

अखेरचा निवाडा ऊतीतून मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली अळीची त्वचा, चुना साठवणारे बारीक कण आणि आकडे ओळखता येतात. त्यातूनही जात ठरत नसेल, तर डीएनए तपासतात. येथे एक साधी बाब निर्णायक ठरते. काढलेला संपूर्ण तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला, तर डीएनएची मोडतोड होते. थोडा भाग अल्कोहोलमध्ये किंवा गोठवून ठेवला, तर पुढची तपासणी सोपी जाते. मणक्यातून काढलेल्या पाण्यातील सर्व डीएनए एकाच वेळी वाचणारी नवी चाचणीही आता काही केंद्रांत वापरली जाते. डॉक्टरला ज्या जंताचा संशयही आलेला नाही, तो यातून सापडू शकतो. मात्र ती महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते.

एकच औषध सर्वांना का चालत नाही?

पट्टकृमीवर मुख्यतः दोन औषधे आहेत, अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल. आतड्यातील प्रौढ कृमीवर प्राझिक्वांटेलची एक मात्राही पुरते. पण ऊतीत दडलेल्या अळीचे गणित निराळे असते.

स्पार्गानोसिसमध्ये औषधांचा भरवसा कमी. अळी तिच्या डोक्यासह पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार. डोके आत राहिले, तर ती पुन्हा वाढू शकते. ब्रिटनमधील अळीच्या जनुकांतूनही अल्बेंडाझोल तिच्यावर कमी लागू पडत असावे, असे संकेत मिळाले. सीन्युरोसिसमध्येही पिशवी शस्त्रक्रियेने काढावी लागते. डोळ्यात पिशवी असताना औषध दिले आणि अळी तेथेच मेली, तर तिच्यामुळे होणाऱ्या दाहाने दृष्टी जाऊ शकते.

अल्व्हिओलर संसर्गात गाठ संपूर्ण काढणे शक्य असेल, तर ती काढून नंतर किमान दोन वर्षे अल्बेंडाझोल देतात. काढता येत नसेल, तर औषध अनेकदा आयुष्यभर चालते, कारण ते अळीची वाढ रोखते; ती मरेलच असे नाही. अनेक वर्षे रोज घ्यायचे औषध असल्याने यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

याचीच भारतात अधिक आढळणारी भावंडे म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि हायडॅटिड. पहिल्यात अळी मेंदूत मरू लागली, की सूज वाढते. म्हणून कृमिनाशकासोबत स्टेरॉइड दिले जाते आणि आधी डोळे तपासले जातात. मेंदूला मोठ्या प्रमाणावर सूज असेल, तर कृमिनाशक देणेच धोक्याचे ठरते. चुना साचून मेलेल्या अळीला त्याची गरजच नसते. तेथे फिट रोखणारे औषध पुरते. हायडॅटिडमध्ये पिशवी फुटून पाणी पोटात सांडले, तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि नव्या पिशव्या उगवू शकतात. त्यामुळे सोनोग्राफीत पिशवी कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून औषध, सुईने पाणी काढणे, शस्त्रक्रिया किंवा केवळ लक्ष ठेवणे यांतील पर्याय निवडतात. साधी गाठ समजून सुई घालणे महागात पडू शकते.

शाळेत मिळणारी जंताची गोळी पुरेशी नाही का?

नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. तिचा रोख मातीतून पसरणाऱ्या गोल जंतांवर आहे आणि त्यासाठी ती उपयुक्त आहे. हायडॅटिडसाठी हेच औषध दिवसातून दोनदा, काही महिने घ्यावे लागते. म्हणजे औषधाचे नाव एकच असले, तरी मात्रा आणि मुदत वेगळी आहे. गोळी घेतली म्हणून मेंदूतील किंवा यकृतातील अळी गेली असे समजू नये. उलट, मेंदूत अळी असण्याची शंका असताना स्वतःहून जंताची जादा औषधे घेतली, तर फिट येऊ शकतात.

शाकाहारी व्यक्तीला धोका नसतो का?

हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. डुकराचे कच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात प्रौढ पट्टकृमी होतो. मेंदूतील अळी मात्र अंड्यांतून येते, आणि अंडी येतात ती असा पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, मैलमिश्रित पाणी, त्यावर वाढलेली पालेभाजी या वाटांनी ती कोणाच्याही ताटात पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा आजार मुळावलेल्या भागांत फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो. हायडॅटिड आणि सीन्युरोसिसची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात. तेथेही रुग्णाने मांस खाल्ले का, हा प्रश्न गैरलागू असतो.

प्रतिबंध कसा शक्य आहे?

मेंढपाळांचे वाडे, उघड्यावरची कत्तल आणि मोकाट कुत्री हे तिन्ही एकत्र असतात तेथे कुत्र्याला यकृत, फुप्फुस, मेंढीचे डोके असे टाकाऊ अवयव मिळणार नाहीत, याची दक्षता सर्वांत परिणामकारक ठरते. कुत्र्यांना रेबीजची लस देण्याची मोहीम असते. ठरावीक काळाने प्राझिक्वांटेल देण्याची सवय मात्र रुजलेली नाही. मेंढ्यांसाठी हायडॅटिडविरोधी लस आहे. डुकरांसाठीची पट्टकृमीविरोधी लस तर हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीनेच बाजारात आणली आहे. सायक्लॉप्सबाबत नारूच्या मोहिमेत उपयोगी पडलेला उपाय आजही लागू आहे. पाणी दाट कापडातून गाळणे किंवा उकळणे. कुत्रा हाताळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, कच्च्या भाज्या वाहत्या पाण्यात नीट धुणे आणि घरोघरी शौचालयाचा वापर, या गोष्टी या सर्व आजारांना आडव्या येतात.

भारतासाठी यातला धडा काय?

हे संसर्ग दुर्मीळ राहणार, हे खरे. परंतु परदेशातून परतलेला प्रवासी, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा रुग्ण, एचआयव्हीबाधित आणि मेंढपाळ कुटुंबे यांच्याबाबत ते डॉक्टरांच्या यादीत असायला हवेत. जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन होऊ शकतो. ऊतीचा नमुना योग्य प्रकारे जपून वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा राष्ट्रीय संस्थेकडे पाठवण्याची वाट मात्र ठरलेली हवी. रुग्णाच्या बाजूने दोन गोष्टी शक्य आहेत. पहिली, जुने स्कॅन फेकू नयेत. ब्रिटनमधील अळीचा सुगावा चार वर्षांच्या चित्रांची तुलना केल्यावरच लागला. दुसरी, घरात मेंढ्या-कुत्री आहेत का, कुठे प्रवास झाला, काय खाल्ले, हे विचारले गेले नाही, तरी स्वतःहून सांगावे. क्षयाची किंवा कर्करोगाची औषधे सुरू करूनही गाठ अपेक्षेप्रमाणे वागत नसेल, तर औषध वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासून पाहा, एवढी मागणी रुग्णाने करणे रास्त आहे.